सीव्ही कुणाचा, काम कुणाचं?

विरार लोकलच्या कुठल्याही डब्यात दोन-चार सिव्हिल इंजिनिअर सापडतीलच. घर वसई, नालासोपारा नाहीतर विरारला आणि काम मुंबई-ठाण्यात किंवा हायवेवर. यातले बरेच जण कंत्राटी. एक साइट संपली की दुसरी शोधायची. त्यांच्याकडून एक तक्रार मी गेली काही वर्षं ऐकतोय. कंपनीतून फोन येतो, "सर, टेंडरला तुमचा सीव्ही लावतोय, सही करून पाठवा." माणूस खूश. टेंडर त्या कंपनीला मिळतं, पण फोन काही परत येत नाही. साइटवर दुसराच कुणीतरी निम्म्या पगारात उभा असतो. कधीकधी तर विचारतही नाहीत. मागच्या कामाला दिलेला सीव्ही तारीख बदलून पुढच्या टेंडरला जोडतात.

दुसऱ्याच्या अनुभवावर काम मिळवणं ही नवी गोष्ट नाही. पण पूर्वी ते कसं चालायचं, हे बघण्यासारखं आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ती लाइन बांधण्याचं कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांकडे होतं. पुढे बोरघाटाचं काम निघालं, तेही फॅव्हिएललाच मिळालं. हिंदुस्थानातली पहिली रेल्वे ज्याच्या नावावर, त्याच्यापेक्षा भारी सीव्ही कुणाचा असणार? पण घाटात गणित चुकलं. मजुरीच्या थकलेल्या पैशांवरून जानेवारी १८५९ मध्ये दंगल उसळली आणि दोन महिन्यांत फॅव्हिएलने काम सोडलं.

मग सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला. उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. कंत्राट आलं त्याची बायको अ‍ॅलिस हिच्या नावावर. रेल्वे बांधणीचा तिचा स्वतःचा अनुभव शून्य. आजच्या टेंडरमध्ये ती पहिल्याच पाकिटात बाद झाली असती. तिने अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर या दोन जाणकार माणसांच्या हाती काम सोपवलं आणि ते दोघे शेवटपर्यंत घाटात राहिले. १८६१ च्या सुमाराला त्या घाटात ४० हजारांवर मजूर होते. २५ बोगदे खोदले गेले. १८६३ मध्ये बोरघाट रेल्वेला खुला झाला.

बघा, कंत्राट एकीचं आणि कसब दुसऱ्यांचं, हे तेव्हाही होतंच. पण ज्यांच्या कसबावर भरवसा ठेवला ती माणसं प्रत्यक्ष डोंगरात उभी होती. उलट फॅव्हिएलचं नाव मोठं असूनही काम बुडालं. ज्या हजारो मजुरांनी डोंगर फोडला, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. तो हिशेब वेगळाच.

आता आजकडे येऊ. कन्सल्टंट नेमताना दोन पाकिटं असतात, एक तांत्रिक आणि एक दराचं. ही पद्धत जगभर पसरायला जागतिक बँकेचा मोठा हात आहे. तिच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत तांत्रिक १०० गुणांपैकी कंपनीच्या अनुभवाला फक्त ५ ते १० गुण होते आणि नेमायच्या मुख्य माणसांना ३० ते ६०. हेतू चांगला होता. कंपनीची पाटी बघू नका, काम करणारा माणूस बघा. पण माणसाला गुण मिळायला लागले, तसा त्याचा कागद विकाऊ झाला. अनुभवी इंजिनिअरचा सीव्ही म्हणजे थेट गुण. गुण पदरात पडले की तो माणूस महागडा वाटायला लागतो.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. म्हणून तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये 'इन्फ्राकॉन' पोर्टल आणलं. इंजिनिअरची माहिती आधार आणि डिजिलॉकरला जोडली, म्हणजे खोटे सीव्ही पकडता यावेत. माणूस बदलला तर मोबदला कापायच्या अटीही करारांत असतात. एवढं करूनही २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला नियम काढावा लागला, की देखरेख करणाऱ्या एका इंजिनिअरकडे एका वेळी जास्तीत जास्त १० प्रकल्प. म्हणजे त्याआधी एकेका नावावर किती कामं चालत असतील, तुम्हीच विचार करा.

आता म्हणाल, यात आपलं काय गेलं? आपलंच गेलं. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली. तेव्हापासून रस्ते, पाणी, गटारं, सगळीकडे कन्सल्टंट आहेत. पालिका पैसे मोजते ते २० वर्षांच्या अनुभवाचे. तो अनुभव साइटवर आलाच नाही तर काँक्रीट ओतताना आणि उतार काढताना बघणार कोण? पहिल्या पावसात रस्त्यावर पाणी तुंबलं की आपण ठेकेदाराला शिव्या घालतो. पण देखरेखीला नेमलेला माणूस हजर होता का, हे कुणी विचारत नाही.

विचारता येतं. माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रांची आणि प्रत्यक्ष कामाचीही पाहणी करण्याचा हक्क आहे. अर्जात साधे तीन प्रश्न टाका. टेंडरमध्ये मुख्य माणसं म्हणून कोणती पदं आणि नावं दाखवली होती? त्यातले किती जण प्रत्यक्ष रुजू झाले? बदलले असतील तर कुणाच्या मंजुरीने?

आणि इंजिनिअर मित्रांनो, सीव्हीवर सही करताना कामाचं नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहा. एक प्रत स्वतःकडे ठेवा. कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करू नका. उद्या तो पूल खचला तर चौकशीच्या फाइलमध्ये नाव तुमचं असेल, आणि तुम्ही तर तिथे कधी गेलेलाही नसाल.

असो. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही.