खानदेशातील शेती-बागाइतीत हातांचे रक्षण : एक ऐतिहासिक टिपण

१

अवजारांचा इतिहास लिहिताना अवजार धरणाऱ्या हाताकडे सहसा लक्ष जात नाही. नांगर, वखर, तिफण, मोट यांची वर्णने जुन्या कागदपत्रांत विपुल आहेत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंडही जमीन, पिके, पाटबंधारे व दुष्काळ यांच्या माहितीने समृद्ध आहे. परंतु काट्याकुसळांपासून, चिकापासून, यंत्रापासून आणि अलीकडे विषापासून राबणाऱ्याने आपले हात कसे राखले, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला गेला.

प्रस्तुत टिपणात त्या प्रश्नाचा विचार मुख्यतः जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांपुरता केला आहे. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे पुढचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा होय. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील कपाशी, करडई, ऊस आणि केळी ही पिके येथे विशेष विचारात घेतली आहेत.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगणे सोयीचे होईल. जी इजा डोळ्यांना दिसते, तिच्यावर शेतकऱ्याने स्वतःच्या अनुभवाने उपाय शोधला व तो पुष्कळ अंशी यशस्वी झाला. जी इजा दिसत नाही, तिच्यावर कायद्याने उपाय सांगितला. मात्र तो ज्याच्या अंगावर चढावयाचा, त्याची हवा, त्याची मजुरी आणि त्याचे काम यांचा विचार त्या उपायात झाला नाही.

२

प्रथम दिसणाऱ्या इजांकडे वळू. करडईचे पीक पूर्वी दख्खनमध्ये गहू वा ज्वारीच्या शेताच्या कडेने लावीत. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत. पण जी काटेरी कड गुरांना अडवी, तीच कापणाऱ्याचे हात सोली. त्यावर दोन उपाय रूढ झाले. एक, हातापायांना जाड फडकी गुंडाळणे. दुसरा, दव असताना, म्हणजे पहाटे, कापणी करणे. दवाने काटे नरम पडतात व दाणेही कमी गळतात. येथे वेळेची निवड हेही एक संरक्षक साधनच होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कपाशीच्या वेचणीचे काम बहुतांशी स्त्रियांचे. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडेला बोचतात व हंगामाच्या अखेरीस बोटे चिरफाळतात. तरीही वेचणीत हातमोजा रुजला नाही, आणि यात अडाणीपणा मुळीच नाही. बोंडातून कापूस स्वच्छ ओढावयाचा, पाचोळा मागे ठेवावयाचा आणि दोन्ही हातांनी सतत ओटी भरावयाची, हे काम बोटांच्या टोकांच्या स्पर्शावर चालते. जाड मोज्याने इजा थोडी टळेल, पण वेचणी मंदावेल; आणि जेथे मजुरी किलोवर ठरते, तेथे मंदावलेली वेचणी म्हणजे बुडालेला पैसा.

केळीच्या बागेतील प्रश्न निराळा आहे. रावेर, यावल, चोपडा, भुसावळ या भागांत केळी हे मुख्य बागाईत पीक होय. पान, पिल किंवा घड कापताच जो चीक गळतो, तो हवा लागून तपकिरी होतो आणि कपड्यावरचा त्याचा डाग धुऊन जात नाही. म्हणून केळीच्या कामाचे कपडे वेगळे ठेवण्याची चाल पडली, आणि घड वाहणाऱ्याच्या खांद्यावर जुन्या कापडाची घडी आली. पांझरेवरील फड पद्धतीच्या बागाइतात उसाच्या पात्यांची धार हातांना कापी. तेथेही अंगभर जुने कापड हाच उपाय होता.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. साधन घरचे, फुकटचे व कापडाचे. त्याची निवड तीन गोष्टींवरून होई : इजा कसली आहे, दिवसाची वेळ कोणती आहे, आणि कामाला बोटांचा स्पर्श किती लागतो.

३

यंत्राने या सूत्राला पहिला धक्का दिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून गेली आणि पुढे कापूसपेठांत वाफेवर चालणाऱ्या जिनांची संख्या वाढत गेली. सरकी काढण्याचे जे काम घरी चरकीवर होई, ते आता पट्टे, रुळ आणि पाती यांच्यासमोर होऊ लागले. फडके गुंडाळलेला हात काट्याशी सुरक्षित असतो. फिरत्या रुळाशी मात्र तेच फडके हाताला आत ओढून नेते.

यावर उपाय व्यक्तीच्या अंगावर नव्हे, तर यंत्राभोवती हवा होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. परंतु तो कायदा शंभर वा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. हंगामापुरते चालणारे जिन या व्याख्येतून सहज निसटत. १८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे जिनांतील अतिदीर्घ कामाचे तास आले, ते याच पार्श्वभूमीवर. पुढील कायद्यांनी जिन हळूहळू कक्षेत आणले. शेत मात्र बाहेरच राहिले.

शेतातील यंत्राकडे कायद्याचे लक्ष जावयास आणखी शतक लागले. मळणीयंत्रात पेंढी सारताना हात जाण्याचे अपघात देशभर वाढल्यावर १९८३ साली धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा झाला. त्यातील विचार योग्य होता. घास घालण्याचे तोंड इतके लांब व झाकलेले असावे की, हात फिरत्या भागापर्यंत पोचूच नये. मळणीयंत्र वा कडबाकुट्टीपुढे सैल हातमोजा घालणे हे संरक्षण नसून संकट आहे, हा धडा जिनाने शिकविला होता. तो प्रत्येक पिढीला पुन्हा शिकावा लागला.

४

तिसरा टप्पा विषाचा. स्वातंत्र्यानंतर डी.डी.टी. व बी.एच.सी. शेतात आली, भुकटी कापडी पिशवीत भरून पिकावर झटकण्याची रीत पडली. पुढे पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली. १९७० साली संकरित कपाशी आली. तिच्या प्रसाराबरोबर फवारण्या वाढल्या आणि पाठीवरचा पंप हे कपाशीच्या शेतातील नेहमीचे साधन झाले.

या विषांचे कार्य समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास कळणार नाही. मज्जातंतूचा संदेश स्नायूला पोचल्यावर तो थांबविणारे एक विकर शरीरात असते. ही विषे त्याला निकामी करतात. मग घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित होणे, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वास बंद पडणे अशी लक्षणे क्रमाने दिसू शकतात. विशेष म्हणजे ही विषे पोटात जावयास पाहिजेत असे नाही, अखंड कातडीतूनही ती शिरतात. पॅराथिऑनवर अमेरिकेत झालेल्या व १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, तळहात व बाहू यांच्या मानाने डोक्याच्या कातडीतून ते अधिक, आणि जांघेच्या नाजूक भागातून जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. गळणारा पंप पाठ भिजवतो, ओघळ कमरेखाली उतरतो. केवळ हातांचे रक्षण पुरेसे नाही, ते यामुळेच.

येथेच जुने शहाणपण उलटले. काट्यापासून वाचविणारे फडके विषाचे द्रावण शोषून घेते व दिवसभर कातडीला चिकटवून ठेवते. नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, विषाची वाफ अडवीत नाही. शेतकऱ्याने विषापुढे काहीच केले नाही असे नव्हे. त्याने पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरलेला उपायच केला, आणि तो या वेळी खोटा ठरला.

कायदा आला तोही शेतातील मृत्यूंमुळे नव्हे. १९५८ साली केरळात फॉलिडॉल मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. त्यांतील ३९ व्या नियमात संरक्षक पोशाखाचे वर्णन आहे : अंगभर बाह्यवस्त्र व टोपी, अर्ध्या बाहूपर्यंत पोचणारे, द्रव न झिरपणारे रबरी वा तत्सम हातमोजे, धूळ न शिरणारा चष्मा, आणि बूट. श्वसनसाधनांचा नियम त्याला जोडून येतो. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने सांगतो.

शास्त्रदृष्ट्या या वर्णनात उणे काढण्यासारखे थोडेच आहे. पण उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांवर जाते, आणि कपाशीच्या फवारणीचे दिवस पावसाळ्यातील दमट उकाड्याचे असतात. तशा हवेत हा पोशाख तासभर अंगावर ठेवणे हीच एक शिक्षा ठरते. शिवाय फवारणारा बहुधा मजूर असतो. पीक, पंप आणि औषध मालकाचे. कातडी तेवढी मजुराची. मोजा कोणी विकत घ्यावा, हा प्रश्न त्या दोघांमध्ये अनुत्तरित राहतो.

त्याची किंमत २०१७ साली खानदेशाच्या पूर्वेस, विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात मोजावी लागली. जुलैपासूनच्या काही महिन्यांत कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्यू पावले आणि शेकडो आजारी पडले. डोक्याच्या वर गेलेले पीक, औषधांची मनमानी मिश्रणे, बारीक तुषार उडविणारे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव, ही कारणे तेव्हा पुढे आली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. २०१८ साली केंद्राने १८ कीटकनाशकांवर तत्काळ वा टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली. जळगाव-धुळ्याची कपाशी त्याच जातीची, पंप तेच आणि मजुरी तशीच. म्हणून ही घटना परक्या जिल्ह्याची मानता येत नाही.

५

या इतिहासाच्या आधारे साधनांच्या निवडीसंबंधी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. करडई, लिंबू, गुलाब वा बाभळीची कुंपणे यांसाठी मनगटावर चढणारा जाड चामडी मोजा योग्य. केळीचा चीक व माती यांसाठी तळव्यावर रबराचा लेप असलेला विणलेला मोजा पुरतो. विषासाठी मात्र चामडे व कापड दोन्ही वर्ज्य होत. तेथे आत अस्तर नसलेला, बाहूपर्यंत येणारा नायट्राइल वा रबराचा मोजाच हवा. वापरण्यापूर्वी त्यात पाणी भरून छिद्र पाहावे, आणि काढण्यापूर्वी तो हातावर असतानाच धुवावा. फवारा डोक्याच्या वर, केळीच्या पानांवर जात असेल तर मोजा बाहीच्या वर घेऊन त्याची कड दुमडावी, म्हणजे ओघळ आत शिरत नाही; फवारा खाली असेल तर बाही मोज्यावर घ्यावी. केळीला दाणेदार कीटकनाशक घालताना ते उघड्या मुठीने टाकू नये. बांधावरील वा हिरवळीवरील गवत कापणाऱ्या यंत्रापुढे मोज्याहून चष्मा व बूट महत्त्वाचे, कारण त्याच्या पात्याने खडे उडतात.

तथापि मोजा ही शेवटची तटबंदी आहे, पहिली नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८५ साली कीटकनाशकांसंबंधी एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्या २००२ च्या सुधारित पाठात असे तत्त्व आले आहे की, ज्या कीटकनाशकांसाठी लागणारी संरक्षक साधने गैरसोयीची, महाग वा दुर्मिळ असतील, ती विशेषतः उष्ण हवेतील लहान वापरणाऱ्यांच्या बाबतीत टाळावीत. पोशाख हवेला मानवत नसेल, तर औषध बदलावे, असा त्याचा अर्थ. पहाटेच्या दवात करडई कापणाऱ्याने हेच केले होते. काट्याशी झुंजण्यापूर्वी त्याने काटा नरम होण्याची वाट पाहिली.

या विषयाची साधने कागदपत्रांपेक्षा माणसांपाशी अधिक आहेत. ज्यांनी भुकटीच्या पिशव्या झटकल्या, ज्यांनी पहिले पंप पाठीवर घेतले, ज्या स्त्रियांनी औषधात कालवावयाचे पाणी वाहून आणले, त्यांच्या आठवणी गावोगाव नोंदविल्या पाहिजेत. त्या पिढीतील माणसे झपाट्याने कमी होत आहेत. हे काम विभागांनी व महाविद्यालयांनी आताच हाती घेणे अगत्याचे आहे.