प्रोफिबस-डीपी : नियंत्रण पॅनेलांमधील तारजोडणी

प्रोफिबस-डीपी : कारखान्यातील नियंत्रण पॅनेले, ड्राइव्ह, व्हॉल्व्हसंच आणि दूरस्थ आय/ओ यांना एकाच दोन-तारी केबलने पीएलसीशी जोडणारी फील्डबस पद्धत. ती येण्याआधी प्रत्येक लिमिट स्विचची आणि प्रत्येक कॉन्टॅक्टरची तार पीएलसीच्या पॅनेलपर्यंत स्वतंत्र ओढावी लागे. ट्रेमध्ये तारांचे जुडगे, प्रत्येक टोकाला फेरूल आणि दोष शोधायचा तर एकेक टर्मिनल तपासायचे, असा तो व्याप होता. फील्डबसने तो दोन तारांवर आणला. त्याबरोबर साऱ्या पॅनेलांचे भवितव्यही त्याच दोन तारांवर आले, म्हणून या पद्धतीत तारजोडणीला महत्त्व आहे.

इतिहास : जर्मनीत १९८७ मध्ये २१ कंपन्या व संस्थांनी शासकीय पाठबळावर हा प्रकल्प हाती घेतला. त्यातून प्रथम निघालेली एफएमएस ही आवृत्ती वापरायला जड होती; १९९३ मध्ये आलेली सुटसुटीत आणि वेगवान डीपी खरी रुळली. १९९६ मध्ये तिला युरोपीय मानकात स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय मानकाच्या वेळी प्रतिस्पर्धी पद्धतींत एकमत झाले नाही आणि आयईसी ६११५८ या एकाच मानकात अनेक फील्डबस शेजारी शेजारी बसवाव्या लागल्या.

केबल : डीपीची नेहमीची वाहिनी आरएस-४८५ आहे. तिच्यासाठी पीळ दिलेल्या दोन तारांची, शील्ड असलेली ‘ए’ प्रकारची केबल वापरतात. बाहेरचे आवरण बहुधा जांभळे, आत एक हिरवी आणि एक लाल तार. संबाधा १३५ ते १६५ ओहम, धारिता मीटरला ३० पिकोफॅरडपेक्षा कमी, जाण्यायेण्याचा रोध किलोमीटरला ११० ओहमपर्यंत. हिरवी तार ‘ए’ला आणि लाल ‘बी’ला लावतात, नऊ पिनांच्या कनेक्टरात ‘ए’ आठव्या आणि ‘बी’ तिसऱ्या पिनेवर येते. आरएस-४८५ वापरणाऱ्या इतर पद्धतींची उपकरणे याच अक्षरांचा अर्थ पुष्कळदा उलट घेतात. म्हणून अक्षरावर न विसंबता कोणती तार धन आणि कोणती ऋण हे उपकरणाच्या पुस्तिकेत पाहावे. प्रोफिबसमध्ये ‘बी’ धन असते.

वेग आणि अंतर यांचे नाते व्यस्त आहे. सेकंदाला ९३.७५ किलोबिटपर्यंत एका खंडाची लांबी १,२०० मीटर चालते, ५०० किलोबिटला ४००, १.५ मेगाबिटला २०० आणि ३ ते १२ मेगाबिटला अवघी १०० मीटर. एका खंडात ३२ आरएस-४८५ घटक बसतात आणि रिपीटरही त्यांतच मोजला जातो. केबल एका पॅनेलातून दुसऱ्यात सरळ पुढे जावी. मधूनच फाटे काढण्याची सवय १.५ मेगाबिटच्या वर अजिबात चालत नाही.

टोकरोध : प्रोफिबसच्या बहुतेक गूढ तक्रारींचे मूळ येथे सापडते. तारेच्या टोकाशी पोहोचलेल्या संकेताला योग्य रोध भेटला नाही, तर तो परावर्तित होऊन उलट येतो आणि मागून येणाऱ्या बिटांवर आदळतो. केबलमध्ये संकेताला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १२ मेगाबिटच्या वेगात एक बिट ८३ नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे १०० मीटर पलीकडे पोहोचेपर्यंत मागे सहा बिट निघालेले असतात. उलट ९.६ किलोबिटला एकच बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि परावर्तने त्याच्या सुरुवातीलाच विरून जातात. कमी वेगावर ठणठणीत चाललेले जाळे वेग वाढवताच अडखळते, ते बहुधा यामुळे.

प्रत्येक टोकाला तीन रोध असतात : ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यामध्ये २२० ओहम, ‘बी’पासून ५ व्होल्टकडे ३९० आणि ‘ए’पासून शून्याकडे ३९०. हे दोन ३९० दुहेरी काम करतात. कोणीच बोलत नसताना ‘बी’ला ‘ए’पेक्षा सुमारे १.१ व्होल्ट वर धरून ठेवतात, त्यामुळे रिकामी तार गोंगाटाला संदेश समजत नाही. शिवाय संकेताच्या दृष्टीने ते २२०ला समांतर पडतात आणि एकूण रोध १७२ ओहमच्या आसपास, म्हणजे केबलच्या संबाधेजवळ येतो. पण ५ व्होल्ट त्या टोकाच्या उपकरणातून मिळतात. शेवटच्या पॅनेलची वीज दुरुस्तीसाठी बंद केली की टोकरोध अपंग होतो आणि चालू असलेली इतर पॅनेलेही लाल दिवा दाखवू लागतात. अशा टोकाला स्वतंत्र पुरवठा असलेला सक्रिय टोकरोध बसवणे हाच खात्रीचा उपाय.

बऱ्याच कनेक्टरांवर टोकरोधाचा लहान स्विच असतो. तो चालू केला की पुढे जाणारी केबल तुटते; म्हणून येणारी केबल ‘आत’च्या आणि जाणारी ‘बाहेर’च्या टर्मिनलवरच हवी. मधल्या पॅनेलात हा स्विच चुकून चालू राहिला, तर त्याच्या अलीकडचे सारे नीट चालते आणि पलीकडचे सारे गप्प होते. चाचणीला साधा मल्टीमीटर पुरतो. सगळे कनेक्टर उपकरणांतून काढून, दोन्ही टोकांचे स्विच चालू ठेवून ‘ए’ आणि ‘बी’मध्ये सुमारे ११० ओहम मिळावेत, लांब केबलचा स्वतःचा रोध त्यात थोडी भर घालतो. २२० मिळाले तर एक टोक राहिले आहे. पुढची केबल न तोडणारे कनेक्टर असतील आणि ७३ दिसले, तर कुठेतरी तिसरा टोकरोध चालू आहे.

शील्ड व अर्थिंग : शील्ड पॅनेलात शिरताच रुंद क्लँपने अर्थ पट्टीला दाबून बसवावी, वळवून केलेली शेपूट उच्च वारंवारतेला उपयोगी पडत नाही. शक्तीच्या केबलपासून २० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करावी असे मार्गदर्शन आहे, पण पॅनेलांच्या अर्थमध्ये विभवांतर असेल तर शील्डमधून प्रवाह वाहतो. या मुद्द्यावर अभियंत्यांत मतभेद आहेत. पॅनेलांना समविभव वाहकाने जोडणे हा मान्य तोडगा, आणि दोन इमारतींमध्ये तंतुप्रकाशीय केबल.

संरूपण : पत्ते ० ते १२५; १२६ नव्या उपकरणांसाठी, १२७ सर्वांना उद्देशून. पत्ता फिरत्या स्विचवरून द्यायचा असेल, तर पुष्कळ उपकरणे तो फक्त वीज येताना वाचतात. प्रत्येक उपकरणाबरोबर त्याची जीएसडी फाइल येते. ती साध्या मजकुराची असून तीत ओळखक्रमांक, चालणारे वेग व मोड्यूल असतात. मास्टर, म्हणजे येथे पीएलसी, आधी उपकरणाकडून निदान मागतो, मग प्राचले आणि मोड्यूलांची रचना पाठवतो. ओळखक्रमांक किंवा मोड्यूलांचा क्रम प्रत्यक्षाशी जुळला नाही, तर उपकरण माहितीच्या देवाणघेवाणीत येतच नाही, तारा कितीही चांगल्या असोत. एका स्लेव्हकडे, म्हणजे मास्टरला उत्तर देणाऱ्या उपकरणाकडे, जास्तीत जास्त २४४ बाइट जातात आणि तितकेच येतात. वॉचडॉगची, म्हणजे मास्टरच्या संदेशाची वाट पाहणाऱ्या घड्याळाची, वेळ भरली की स्लेव्ह आपले आउटपुट सुरक्षित स्थितीत नेतो. वॉचडॉग बंद ठेवणे यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसासाठी धोक्याचे आहे.

प्रोफिबस-पीए : प्रक्रिया उद्योगांसाठीचा प्रकार, वेग ३१.२५ किलोबिट, माहिती आणि वीज त्याच दोन तारांवर.

प्रोफिनेट : इथरनेटवर आधारित उत्तराधिकारी, जुनी डीपी पॅनेले त्याला गेटवेने जोडता येतात.