वेळू, माप आणि कान

चिनी संगीताची कथा वेळूच्या बनात सुरू होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील 'ल्यू-शी छुन-छ्यू' या ग्रंथात असे सांगितले आहे की, पीत सम्राटाने लिंग लुन नामक सेवकास सूर सिद्ध करण्याची आज्ञा केली. तो पश्चिमेकडे गेला. तेथील एका दरीतून सारख्या जाडीचा वेळू निवडून त्याने दोन पेरांमधले कांडे कापले व फुंकले. तोच मूळ स्वर ठरला. पुढे दिव्य पक्ष्यांच्या जोडीचे कूजन ऐकून त्याने बारा नळ्या पूर्ण केल्या, सहा नराच्या आवाजावर आणि सहा मादीच्या. ही दंतकथाच, परंतु तिच्या पोटात एक पेच दडलेला आहे. स्वर खरा ठरतो तो नळीच्या मापाने, की ऐकणाऱ्याच्या कानाने?

भूमीच्या उदरातून मिळालेला पुरावा या दंतकथेहून पुष्कळच जुना आहे. होनान प्रांतातील ज्याहू येथे १९८६-८७ च्या सुमारास झालेल्या उत्खननात करकोच्याच्या पंखाच्या हाडापासून केलेल्या बासऱ्या सापडल्या. त्यांचा काळ सुमारे ९,००० ते ७,७०० वर्षांपूर्वीचा. काहींवर छिद्रे पाडण्याआधी जागा नेमून घेतल्याच्या खुणा कोरलेल्या दिसतात. एका बासरीवर तर सातव्या छिद्राशेजारी आणखी एक अगदी बारीक छिद्र आहे. मापाने पाडलेले छिद्र कानाला खटकले असावे, आणि त्या अनाम कारागिराने ते असे सुधारून घेतले असावे. माप आणि कान यांचा संवाद इतका प्राचीन आहे.

या संवादाचे कलहात रूपांतर झाले ते इसवी सन २७४ मध्ये, च्यिन दरबारात. श्युन श्यू हा विद्वान मंत्री राजभांडारातील जुन्या स्वरनळ्या तपासत होता. त्याने लिए ह नामक दरबारी वादकास विचारले, बासऱ्यांची लांबी तुम्ही कशी ठरवता? वादकाने सांगितले ते असे : गाणाऱ्याचा आवाज खर्जातला असेल तर लांब बासरी घ्यायची, चढा असेल तर आखूड, बासरीची ओळख तिच्या लांबीवरून. त्यापलीकडे शास्त्रातील स्वरनामे त्याला ठाऊक नव्हती. मंत्र्याला हे अज्ञान वाटले. त्याने गणित मांडून बारा स्वरांसाठी बारा बासऱ्या करविल्या. नळीच्या उघड्या तोंडाबाहेरही हवेचे आंदोलन थोडे पसरते, म्हणून हिशोबातून काही अंतर वजा करावे लागते. ही सूक्ष्म दुरुस्तीदेखील त्याच्या मापांत आढळते. शास्त्राच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्यच म्हटली पाहिजे.

तथापि, वेणुवनातील सप्तर्षी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंडळींपैकी र्वान श्येन याच्या कानाला ते सूर चढे लागले. त्याची बदली दूरच्या प्रांतात झाली. पुढे एका शेतकऱ्याला नांगरताना चौ काळातील जेडची पट्टी सापडली. तिच्याशी ताडून पाहता मंत्र्याची मापे बाजरीसारख्या धान्याच्या एका दाण्याइतकी आखूड भरली, अशी आख्यायिका आहे. कान जिंकला खरा, पण साक्ष द्यायला आली ती पट्टीच!

दरबारात हे वाद चालले असता बासरीची खरी विद्या कारागिरांच्या हातांत वाढत होती. आज 'दीझी' म्हणून ओळखली जाणारी आडवी बासरी आपल्या बासरीहून एका गोष्टीत वेगळी आहे. फुंकण्याचे छिद्र आणि बोटांची सहा छिद्रे यांच्या दरम्यान तिला आणखी एक छिद्र असते व त्यावर नळाच्या पोकळीतील तलम पापुद्रा चिकटवतात. सोंग काळातील चेन यांगच्या संगीतग्रंथात ही युक्ती थांग काळातील ल्यू शी याच्या नावावर घातलेली आहे. पापुद्रा लसणीच्या रसाने अथवा गाढवाच्या कातड्याच्या सरसाने लावतात. त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या याव्या लागतात. ताण अधिक झाला तर आवाज कोंडतो, कमी झाला तर फाटतो. हे कोणत्या पट्टीने मोजावे? नवशिक्याला वादनाआधी हीच विद्या हस्तगत करावी लागते. वेळू निवडणे, वाळवणे, निखाऱ्यावर शेकून सरळ करणे, तडकू नये म्हणून दोऱ्याने आवळणे, हा सारा खटाटोप त्यापूर्वीचा.

जुन्या दीझीची सहा छिद्रे जवळजवळ सारख्या अंतरावर असत. गणिताच्या दृष्टीने ती बेसूरच. पण फुंकर आणि अर्धवट झाकलेले छिद्र यांच्या साहाय्याने वादक सूर जागेवर आणी, आणि म्हणूनच एकाच बासरीवर सात पट्ट्या वाजवणे त्याला शक्य होई. शिक्षणही तसेच. लिपीत रागिणीचा केवळ सांगाडा लिहिलेला असे. अलंकार गुरूच्या वादनातून उचलायचे. शांघायचे थोर वादक लू चुन-लिंग (१९२१-२०१८) यांनी बालपणी पहिले धडे घेतले ते शेजारच्या एका चर्मकाराकडून.

विसाव्या शतकात मोठे वाद्यवृंद आले आणि मापाने पुन्हा उचल खाल्ली. छिद्रे असमान अंतरावर, बारा समान श्रुत्यंतरांच्या हिशोबाने पाडली जाऊ लागली. हा हिशोब मिंग वंशातील राजपुत्र चू त्साइ-यू याने १५८४ मध्येच मांडून ठेवला होता. सूर निर्दोष झाले. परंतु सात पट्ट्यांसाठी वादकाला आता बासऱ्यांची पिशवी वाहावी लागते. च-च्यांगचे वादक चाओ सुंग-थिंग (१९२४-२००१) यांनी या पेचाला निराळ्या वाटेने तोंड दिले. पदार्थविज्ञान जाणणाऱ्या आपल्या भावासह त्यांनी बासरीच्या कंपनसंख्येचे गणित केले आणि स्वतः बासऱ्याही घडवल्या.

आपल्या संगीतातही पेटीच्या पट्टीने श्रुती हरवल्या अशी हळहळ अनेकदा व्यक्त होते. त्या हळहळीला चिनी बासरीचे उत्तर साधे आहे. ज्याहूच्या कारागिराने आधी खूण केली, मग छिद्र पाडले, मग ऐकले, आणि चुकले तेथे सुधारले. मापाशिवाय त्याला आरंभ करता आला नसता, आणि कानाशिवाय शेवट.