मुंबईत उतरायचं कुठं?

मागच्या महिन्यात अमरावतीहून एका नात्यातल्या मुलाचा फोन आला. ‘‘काका, मित्राला घेऊन पहिल्यांदाच मुंबईला येतोय. उतरायचं कुठं? आणि दिवसभर फिरून दमलो की जरा निवांत बसायचं कुठं?’’ प्रश्न साधाच होता. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, या शहराला हा प्रश्न गेली दीडशे वर्षं रोज विचारला जातो आहे आणि त्याचं उत्तर नेहमी प्रश्न विचारणारा कोण आहे यावर ठरत आलं आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढं हे रूळ घाट चढून गेले आणि देशावरची माणसं मुंबईत येऊ लागली. कोकणातली माणसं त्याआधीपासून गलबतांनी आणि मग आगबोटींनी येतच होती. साहेबाची सोय अर्थातच आधी झाली. काळ्या घोड्याजवळ वॉटसन साहेबाचं हॉटेल 1860च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत घडवून बोटीनं इथं आणला होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला तो याच हॉटेलात. पण तिथला मुक्काम गोऱ्यांसाठी होता. जमशेटजी टाटांना तिथं मज्जाव झाला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिला भक्कम पुरावा मात्र नाही. पुरावा आहे तो एवढ्याचाच की 1903च्या डिसेंबरात ताज उघडलं, तेव्हा शेजारी गेटवे ऑफ इंडिया नव्हतं. ते पुरं व्हायला 1924 साल उजाडलं. आणि ताजचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता, हेही आपण सहसा आठवत नाही.

मध्यमवर्गीय मराठी पाहुण्याचं ठिकाण वेगळं. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे त्यातलं नावाजलेलं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथं उतरत. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. तिथून निघालेली अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीवर पोचली. आज आपण भेळ खायला जातो त्या वाळूवर त्यांना अग्नी दिला गेला. सी. पी. टँकच्या बाजूला माधवबाग, हिराबाग अशा धर्मशाळा होत्या. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या खलाशांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक कूड, आत त्या गावच्या संताची वेदी, आणि बोटीवरून उतरलेल्या माणसाला पेटी ठेवायला नि पाठ टेकायला जागा.

गिरणगावातल्या गावकीच्या खोल्याही अशाच. त्यांच्याबद्दल मी पुस्तकातून नाही, अनुभवातून सांगू शकतो. 1968च्या मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातून आलो आणि लालबागच्या चाळीतल्या आमच्या गावाच्या खोलीवर उतरलो. वडील गिरणीत होते. एका खोलीत वीस-बावीस माणसं. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, वर प्रत्येकाची एक खुंटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन झोपायचा. दरमहा वर्गणी, आजाऱ्याची विचारपूस, गावच्या देवळासाठी फंड, सगळं ठरलेलं. नव्यानं आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत वर्गणी मागायची नाही, हा अलिखित नियम होता. जेवण खानावळीत. शेजारच्याच चाळीत एक मावशी तीस जणांचा स्वयंपाक करीत. अशा हजारो बायकांनी हे शहर पोसलं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढून या बायकांना संघटित केलं, तेव्हा कुठं त्यांच्या कष्टाची थोडीफार नोंद झाली.

गावकीच्या खोलीचं मी कौतुक करतो, पण तिची दुसरी बाजू मला 1973 साली दिसली. आईला घशाचा आजार झाला आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. आईची मुंबईला येण्याची ती पहिलीच वेळ. खोली पुरुषांची. बाईमाणूस तिथं राहणार कसं? वडील नि मी तिला घेऊन एका धर्मशाळेत गेलो. कारकुनानं वही उघडली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न, ‘‘जात कुठली?’’ ती जागा दुसऱ्या ज्ञातीसाठी राखलेली होती. त्यानं वही मिटली. तो उद्धटपणे बोलला नाही, हे मला अजून आठवतं. नियम त्याचा नव्हता. पण आई पायरीवर बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, तेही आठवतं.

पुढं कधीतरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 1917ची हकिकत वाचली आणि ती पायरी पुन्हा डोळ्यांसमोर आली. अमेरिका, विलायतेतून शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला, तर त्याला उतरायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. दुसरीकडं कुणी ठेवून घेईना. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कमाठी बागेत बसून काढली. आमचं दुःख त्या मानानं काहीच नाही, हे मी जाणतो. आम्हाला वही मिटून परत पाठवलं, त्यांच्यावर काठ्या उगारल्या गेल्या. पण एक गोष्ट मनात राहिली. साऱ्या शहरात दार उघडं होतं ते एका सार्वजनिक बागेचं.

आमची अडचण सोडवली ती खानावळीच्या मावशींनी. ‘‘वैनी, इथंच पडा. चूल पहाटे चारला पेटते, तेवढा धूर सोसा,’’ म्हणाल्या. पाच आठवडे आई त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिली. मावशींनी जात विचारली नाही आणि पैसेही विचारले नाहीत. ते वडिलांनी नंतर बळेच दिले.

उपचार नसायचा त्या दिवशी मी आईला भायखळ्याला राणीच्या बागेत न्यायचा. 1862 साली ही बाग लोकांना खुली झाली. तिथल्या वस्तुसंग्रहालयाला पुढं डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा हत्ती. आईला या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. ती मोठ्या झाडाखाली पदर पसरून आडवी व्हायची. म्हणायची, ‘‘मुंबईत एवढी एकच जागा आहे, जिथं कुणी ऊठ म्हणत नाही.’’ ती त्या आजारातून उठली आणि पुढं अकरा वर्षं जगली.

परळ-दादर भागात हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर आजही बाहेरगावचे रुग्ण नि नातेवाईक दिसतात. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. त्यांच्याच नावानं दादरला कर्करुग्णांसाठी धर्मशाळा चालते. तिच्यावरून जाताना माझा हात नकळत जोडला जातो. पण फुटपाथ पाहिला की वाटतं, अशा आणखी किती लागतील!

त्या मुलाला मी काय सांगितलं? म्हटलं, दादरला उतरा. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे तिथं मिळतात, जेवायला चांगलं मिळतं आणि शिवाजी पार्कचा कट्टा जवळ आहे. एक दिवस फोर्टात पायी हिंडा. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा, त्याला तिकीट नाही. आणि दुपारी दमलात की राणीच्या बागेत जाऊन झाडाखाली टेका.

‘‘आणि काका, हॉटेल महाग पडलं तर?’’ त्यानं विचारलं.

‘‘तर माझ्याकडं या,’’ मी म्हणालो. मावशींचं देणं अजून फिटायचं आहे.