बहात्तर धाग्यांची कस्ती : उष्ण किनाऱ्यावरील लोकरीचा इतिहास

डहाणू तालुक्यातील आशागड आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही थंडी फार काळ टिकत नाही. दिवस वर आला की अंगावरचा स्वेटर नकोसा होतो. असे असताना या किनाऱ्याच्या इतिहासातून लोकरीचा एक बारीक, पांढरा धागा हजार वर्षांहून अधिक काळ सलग वाहत आला आहे. थंडीशी त्याचा काही संबंध नाही. तो उन्हाळ्यात, पावसाळ्यात, अगदी वैशाखाच्या काहिलीतही कमरेला असतो. त्याचे नाव कस्ती. (उच्चार जपून करावा, ‘कुस्ती’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आखाडा उभा राहतो.)

पारशी आणि इराणी जरथुश्त्री समाजात मुलामुलींची नवजोत होते, तेव्हा अंगावर सदरा चढतो आणि त्यावर कमरेभोवती कस्तीचे तीन वेढे बसतात. मुंज फक्त मुलांची. नवजोत मात्र मुलीचीही होते आणि तीही जन्मभर कस्ती बांधते. पहाटे उठल्यावर, प्रार्थनेपूर्वी, हातपाय धुतल्यावर ती सोडून पुन्हा बांधायची असते. म्हणजे ही पेटीत जपून ठेवायची वस्तू नव्हे. ती रोज हाताळली जाते, झिजते, घामाने खराब होते आणि बदलावी लागते. या कस्तीमागे शेकडो वर्षे एक व्यवसाय का टिकून राहिला, याचे साधे उत्तर या झिजण्यात आहे.

आता प्रश्न लोकरीचा. या किनाऱ्यावर कापूस सहज मिळत होता. भडोच-सुरतेकडचे सुती कापड समुद्रापार जात होते. मग कमरेचा धागा सुताचा का नाही? या समाजाच्या आचारधर्माचे मोठे अभ्यासक जीवनजी जमशेदजी मोदी (१८५४–१९३३) यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची परंपरागत संगती दिली आहे : कोकरू हे निष्पापपणाचे प्रतीक, म्हणून त्याची लोकर. ही झाली धर्माची बाजू. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर असे वाटते की ज्या इराणी पठारावर ही प्रथा रुजली तो मेंढपाळांचा थंड, कोरडा मुलूख होता. तिथे लोकर हेच घरचे सूत. माणसे समुद्र ओलांडून आली तेव्हा त्यांनी भाषा बदलली, वेश बदलला. हा धागा मात्र मूळच्या हवामानाचाच ठेवला.

भारतीय परंपरेलाही लोकरीचे यज्ञसूत्र अगदी अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कापसाचे, क्षत्रियाचे तागाचे आणि वैश्याचे मेंढीच्या लोकरीचे असावे, असे सांगितले आहे. कमरेला मेखला बांधण्याची चाल तर वैदिक उपनयनातही आहे. संजाणच्या राजापुढे या नवागतांनी आपला धर्म समजावून सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांना कमरेच्या या धाग्याचा अर्थ लावणे फारसे जड गेले नसावे.

संजाण आज गुजरातमध्ये आहे, पण डहाणू-तलासरीला ते अगदी लागून. पारशांच्या आगमनाची कथा ‘किस्स-ए-संजाण’ या फारसी काव्यात आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी ते १६०० च्या सुमारास रचले. म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्यामुळे त्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. त्या कथेनुसार जादी राणा या राजाने अटी घातल्या : स्थानिक भाषा बोलावी, स्त्रियांनी इथला वेश घ्यावा, शस्त्रे ठेवावीत, लग्ने संध्याकाळी लावावीत, आणि आपला धर्म काय ते सांगावे. वेशाची अट बाहेरच्या वस्त्राची होती. साडी वर आली, तिच्याखाली सदरा आणि कस्ती राहिली. धर्माचा परिचय करून देणारे जे सोळा संस्कृत श्लोक पारशी परंपरेत जपले गेले आहेत, त्यांतही या लोकरी मेखलेचा उल्लेख येतो.

काव्यापेक्षा भक्कम पुरावा डहाणू तालुक्यातच मिळाला आहे. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने ‘संयान’ मंडळाचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा अधिकारी त्यात येतो. मधुमती म्हणजे मुहम्मद. ताजिक, म्हणजे अरब. त्याने नद्यांवर नावांची सोय केली आणि अन्नछत्र घातले, असे लेख सांगतो. पुढच्या शतकातील ताम्रपटांत ‘हंजमन’ हा शब्द येतो. काही अभ्यासक तो पारशांच्या अंजुमनशी जोडतात. दहाव्या शतकातला हा किनारा एका रंगाचा नव्हता, एवढे तरी यावरून निश्चित दिसते. २००२ ते २००४ या काळात संजाण येथे झालेल्या उत्खननात पश्चिम आशियाई बनावटीची भांडी आणि एका जुन्या दख्म्याचे अवशेष मिळाले.

बंदर होते, व्यापार होता. तरी कस्तीसाठी लागणारी लोकर काही समुद्रकाठी उगवत नाही. मेंढीला ओलावा मानवत नाही. आजही देशावरचे धनगर, उदाहरणार्थ पारनेर तालुक्यातील धवळपुरीचे, पावसाळा संपल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात, भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी घाट चढून परत जातात. मेंढी या किनाऱ्याची कायमची रहिवासी नव्हे, पाहुणी.

शिवाय दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. तिची घोंगडी होते, आणि घोंगडीसाठी हीच लोकर हवी. तिचे सूत टकळीवर कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर विणतात. पावसात डोक्यावरून घेतलेल्या घोंगडीवरून पाणी ओघळते, कारण लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश पाणी झटकतो. जे पाणी आत शिरते तेही तंतू बराच काळ पोटात ठेवतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही लोकर हाताला ओलीचिंब लागत नाही. ऋतूप्रमाणे लोकर निवडण्याचे हे शास्त्र आपल्याकडे दुकानांच्या कितीतरी आधी धनगरवाड्यांत सिद्ध झाले होते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते, तिचे मोल वेगळे असते, हेही तिथे ठाऊक होते.

कस्तीला मात्र काळी, राठ लोकर चालत नाही. तिला पांढरी, लांब तंतूची, मऊ लोकर लागते, कारण तिचे काम पाणी अडवण्याचे नाही. एका निमुळत्या दोरीत बहात्तर धागे मावले पाहिजेत, आणि तरीही ती कमरेला रुतता कामा नये.

हा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. बहात्तर हे यस्न या ग्रंथाच्या अध्यायांचे प्रतीक. मोदी यांनी कृती सविस्तर नोंदवली आहे. प्रथम लोकर पिंजून टकळीवर बारीक सूत काढायचे. मग दोन सुते एकत्र पिळायची. विणकाम करणाऱ्या कोणालाही याचे कारण ठाऊक असेल : एकेरी सुताचा पीळ सैल सोडल्यावर गुरगुटतो, गाठी मारतो, दोन सुते उलट्या दिशेने एकत्र पिळली की ते ताण एकमेकांना आवरतात आणि धागा सरळ, मजबूत राहतो. हा दुहेरी धागा मागावर बहात्तर वेळा फिरवायचा, त्याचे बारा-बारा धाग्यांचे सहा भाग करायचे आणि विणायला बसायचे.

विणताना सपाट पट्टी होत नाही, पोकळ नळी होते. थोडा भाग विणायचा उरला की कस्ती धर्मगुरूकडे जाते. तो मंत्र म्हणत न विणलेले धागे कापतो. वर्तुळ तुटते, दोरीला दोन टोके मिळतात, आणि ती पुन्हा स्त्रीच्या हातात येते. मग संपूर्ण नळी आतून बाहेर उलटी करायची; विणकामाची खरी कसोटी इथे लागते, कारण एखादी गाठ वा विषम पीळ असेल तर नळी अडते. शेवटी दोन्ही टोकांना चोवीस-चोवीस धाग्यांचे तीन-तीन गोंडे. एकूण सहा गोंडे, वर्षातील सहा गहंबारांचे, म्हणजे ऋतूंच्या सणांचे.

या साऱ्यात कापण्याचा तो क्षण सोडला तर काम स्त्रियांचे आहे, आणि परंपरेने ते पुरोहित घराण्यांतील स्त्रियांकडे होते. नवसारी हे त्याचे मोठे केंद्र. पारशांचा इतिहास लिहिताना जहाजबांधणी, अफूचा व्यापार, कापडगिरण्या यांवर पानेच्या पाने खर्च होतात. ओटीवर बसून टकळी फिरवणाऱ्या या बायका तळटीपेत राहतात. वास्तविक पाहता गिरणीमालकाच्या कमरेची दोरीही त्यांच्याच हातची होती. पुरोहिताचे उत्पन्न बेभरवशाचे, विधवेचे त्याहूनही. कस्तीने अशा घरांना स्वतःच्या हाताचा पैसा मिळवून दिला. सूत जितके बारीक आणि पीळ जितका समान, तितकी किंमत अधिक. गिऱ्हाईक पारखून घेत असे, आणि विणणारीचे नाव तोंडोतोंडी पसरत असे.

डहाणूच्या बाजूला या कथेचा एक वेगळा अध्याय आहे. संजाणवर सुलतानी फौज चालून आली. सन कोणते यावर वाद आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्याच्या उत्तरार्धापर्यंत निरनिराळी मते आहेत. तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बहारोटच्या डोंगरात नेला. सुमारे दीड हजार फूट उंचीवरील ती लेणी आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी-घोलवडच्या पूर्वेला आहेत. किस्सा सांगतो की अग्नी तिथे बारा वर्षे होता. नंतर वांसदा, नवसारी, सुरत असा प्रवास करीत तो १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. अग्नी तेवत ठेवायला लाकूड हवे, ते डोंगरात होते. पण बारा वर्षांत कस्त्या झिजल्या असतील, मुले नवजोतीच्या वयाला आली असतील. लोकर कुठून आणली असेल? किस्सा याबद्दल मौन बाळगतो. कवीला अग्नी महत्त्वाचा वाटला.

त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी याच मुलखात तोच धागा दुसऱ्यांदा आला. एकोणिसाव्या शतकात इराणातील यझ्द आणि किरमान येथील जरथुश्त्री फार हलाखीत होते. नेपियर माल्कम या मिशनऱ्याने १९०५ मध्ये यझ्दच्या आठवणी लिहिल्या. त्यांत जरथुश्त्र्यांवरील निर्बंधांची यादीच आहे : १८९५ पर्यंत त्यांना छत्री बाळगता येत नसे आणि अंगरख्यालाही तपकिरी, करडा, पिवळा असे ठरावीक फिके रंगच चालत. मुंबईच्या पारशांनी पाठवलेले माणेकजी लिमजी हातरिया १८५४ मध्ये इराणला निघाले आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये या समाजावरील जिझिया रद्द झाला. तरी १८७०–७२ चा भीषण दुष्काळ आणि रोजचा जाच यांमुळे माणसे निघतच राहिली. काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली. काही डहाणू-घोलवडकडे आले आणि वारली मजुरांच्या श्रमांवर चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या. (त्या श्रमांची आणि वेठबिगारीची कथा स्वतंत्र आहे, १९४५ च्या वारली उठावाशिवाय ती सांगता येत नाही.) बाहेरच्या कपड्याचा रंग दुसऱ्यांनी ठरवावा, अशा मुलखातून ही माणसे आली होती. आतल्या धाग्याचा रंग मात्र पांढराच राहिला होता.

दोन सुयांवरचे विणकाम या किनाऱ्यावर फार उशिरा आले. मिशनऱ्यांच्या शाळांतून ते एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांत शिरले. कानपूरची लाल इमली (१८७६) आणि पंजाबातील धारीवाल (१८८०) या गिरण्यांनंतर देशी लोकर बाजारात आली, पुढे लुधियानाचे ॲक्रिलिक आले, आणि गावोगावच्या छोट्या दुकानांत रंगीत लडी लटकू लागल्या. कोकणपट्टीत त्यांचा खप मुख्यतः बाळाची टोपडी आणि मोजे यांपुरताच. आणि पावसाळ्यात शिल्लक मालाला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालण्याची खटपट.

कस्तीपुढची अडचण याहून मोठी आहे. १९४१ च्या जनगणनेत अखंड हिंदुस्थानात सुमारे १ लाख १४ हजार पारशी होते. २०११ मध्ये भारतात ५७,२६४. बांधणारे निम्म्यावर आले. विणणाऱ्यांची गत त्याहून बिकट, कारण टकळीवर इतके बारीक सूत काढायला वर्षानुवर्षांचा हात लागतो आणि शिकणाऱ्या मुलींपुढे आता इतर वाटा मोकळ्या आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सुरू झालेल्या पारझोर प्रकल्पाने पारशी हस्तकलांची नोंद केली, तीत कस्तीही आहे.

बहारोटला आजही पारशी यात्रेकरू येतात. वाट दमवणारी आहे. वर लेण्यात पोचल्यावर ते हातपाय धुतात, कस्ती सोडतात, प्रार्थना म्हणत ती पुन्हा तीन वेढ्यांनी बांधतात, आणि मग दिवा लावतात.