पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : विभेदनक्षमतेचा इतिहास

संशोधन प्रयोगशाळेतील पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची क्षमता सांगताना बहुधा त्याच्या वर्धनाचा आकडा पुढे केला जातो. वास्तविक महत्त्व विभेदनक्षमतेला, म्हणजेच दोन निकटचे बिंदू अलग दाखविण्याच्या शक्तीला आहे. प्रस्तुत लेखात या उपकरणाच्या इतिहासाच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

इ.स. १८७३ मध्ये अर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असते, हे दाखवून दिले. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर आहे. १९२६ मध्ये हान्स बुश यांनी चुंबकीय वेटोळे इलेक्ट्रॉनांसाठी भिंगाचे कार्य करते, असे सिद्ध केले. या आधारावर मॅक्स नॉल व अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे पहिले उपकरण उभारले. त्याचे वर्धन अवघे सुमारे १७ पट होते. द ब्रॉय यांची १९२४ मधील द्रव्यतरंगांची कल्पना रुस्का यांना तोपर्यंत ज्ञात नव्हती. इलेक्ट्रॉनालाही तरंगलांबी असते, हे कळताच ते प्रथम निराश झाले; परंतु गणिताने ती अत्यल्प ठरल्यावर त्यांचा उत्साह दुणावला. १९३३ मध्ये त्यांनी प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ओलांडली.

१०० किलोव्होल्ट दाबाला इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी केवळ ०.००३७ नॅनोमीटर असते. तरीही स्फटिकातील शेजारशेजारचे अणू वेगळे दिसणे दीर्घकाळ दुष्कर राहिले. याचे कारण ऑटो शेर्झर यांनी १९३६ मध्येच दिले होते : स्थिर क्षेत्राच्या वर्तुळसममित इलेक्ट्रॉन भिंगातील गोलीय विपथन टाळता येत नाही. १९४७ मध्ये त्यांनीच सममितीचा त्याग करण्याचा उपाय सुचविला. तो व्यवहारात येण्यास अर्धशतक लागले. १९९८ मध्ये हाराल्ड रोझे, मॅक्सिमिलियन हायडर व क्नुट उर्बान यांनी बहुध्रुवी भिंगांच्या साहाय्याने २०० किलोव्होल्टच्या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता ०.२४ वरून सुमारे ०.१४ नॅनोमीटरपर्यंत नेली. यांपैकी रोझे हे शेर्झर यांचेच शिष्य होत.

सारांश, दाब वाढविल्याने तरंगलांबी घटते. परंतु भिंगाचा दोष दूर झाल्याविना त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही. म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेची क्षमता जोखताना वर्धनापूर्वी विभेदनक्षमता व भिंगदोषाची दुरुस्ती यांविषयी पृच्छा करणे हेच इतिहासाला धरून होईल.