एचबीबी जनुक : एका अक्षराची चूक आणि सिकलसेल
एचबीबी हे माणसाच्या ११व्या गुणसूत्रावरील जनुक आहे. बीटा-ग्लोबिन नावाचे प्रथिन कसे बनवायचे, याची माहिती त्यात असते. सिकलसेल आजाराचे मूळ याच जनुकात आहे.

प्रथिनाचे काम काय?
लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिन फुफ्फुसांतून ऑक्सिजन घेऊन शरीरभर पोहोचवते. प्रौढांच्या हिमोग्लोबिनच्या बहुतेक रेणूंत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते.

बिघाड कुठे होतो?
जनुकातील एका जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ हे अक्षर आले, की साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. हा फरक व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कायम कमी राहते.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे
प्रत्येकाला हे जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक (एएस) असते. तिला सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. दोन्ही प्रती सदोष असतील तर आजार होतो (एसएस).

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. एसएस बाळाला एकेक सदोष प्रत दोघांकडूनही आलेली असते. त्यामुळे एकट्या आईला दोष देण्यात अर्थ नाही.

चाचणी आणि उपचार
महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. रक्ताच्या चाचणीतून एएस की एसएस हे कळते. लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ती केली, तर जोडप्याला समुपदेशन घेऊन निर्णय घेता येतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने अनेक रुग्णांचे वेदनेचे झटके कमी होतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे.